चौदाव्या गुणसूत्रावरची प्रत

पी५३ हे जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या यकृतातून आरएनए काढला, त्याचा सीडीएनए केला, पीसीआर लावला आणि जेलवर पी५३चा बँड उमटला. ठसठशीत, आणि हव्या त्याच लांबीचा. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांवर कर्करोगाचं संशोधन करण्यात निम्मं आयुष्य घालवलेल्या एका संशोधिकेला हा बँड चांगलाच ओळखीचा आहे. मधूनमधून एखादा नवा विद्यार्थी जेलचा फोटो घेऊन त्यांच्या टेबलाशी येतो. "मॅडम, हा नॉकआउट नाहीच बहुतेक. पिंजरे बदलले असतील," असं म्हणतो. मॅडम फोटो उजेडात धरतात आणि विचारतात, "आरटी न घातलेली नळी कुठं लावलीस?"

विद्यार्थ्याला हा प्रश्न विषय सोडून वाटतो. खरं तर अख्खा विषय त्यात आहे.

१९७९मध्ये लंडनला डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड यांना, तर प्रिन्स्टनला डॅनियल लिंझर आणि अर्नोल्ड लेव्हिन यांना एसव्ही४० विषाणूच्या प्रथिनाला चिकटून बसलेलं पेशीतलं एक प्रथिन सापडलं. जेलवर त्याचं वजन ५३ हजार डाल्टनच्या आसपास दिसलं, म्हणून ते पी५३. पुढची दहा वर्षं बहुतेकांनी त्याला कर्करोग घडवणाऱ्या जनुकांच्या यादीत ठेवलं, कारण सुरुवातीला हाती आलेले बरेचसे क्लोन मुळात बिघडलेले होते. १९८९मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन आणि लेव्हिन यांच्या गटांच्या कामातून चित्र उलटलं. धड असलेलं पी५३ गाठ वाढू देत नाही. डीएनएला इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं किंवा पेशीला मरायला लावतं. माणसाच्या निम्म्या कर्करोगांमध्ये हे जनुक बिघडलेलं आढळतं.

या सगळ्या धामधुमीत १९८३च्या 'नेचर'मधल्या एका निबंधाकडे आजच्या विद्यार्थ्यांचं लक्षच जात नाही, याची मॅडमना खंत आहे. रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या मोशे ओरेन, डेव्हिड गिव्होल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात दाखवून दिलं की उंदरात पी५३चं चालू जनुक एकच आहे आणि त्याच्या जोडीला एक स्यूडोजीन आहे, म्हणजे जनुकाची बंद पडलेली प्रत. चालू जनुक ११व्या गुणसूत्रावर, बंद प्रत १४व्या. पी५३ हे अर्बुदरोधक जनुक आहे हे कळण्याच्या सहा वर्षं आधी त्याची ही प्रत कागदावर आलेली होती!

मॅडमनी काम सुरू केलं तेव्हा सदर्न ब्लॉटचे दिवस होते. डीएनए कापायचा, जेलवर पसरायचा, पडद्यावर उतरवायचा, किरणोत्सारी प्रोब लावायचा आणि फिल्म धुऊन येईपर्यंत वाट पाहायची. नॉकआउट उंदरांच्या त्या फिल्मवर मूळ जनुकाचा एक बँड, बदललेल्या जनुकाचा दुसरा आणि शिवाय एक तिसरा बँड असायचा. पिल्लू कुठल्याही जातकुळीचं असो, तो तिसरा हलायचा नाही. प्रयोगशाळेतले वरिष्ठ त्याच्यासमोर पेन्सिलीने 'साय' हे ग्रीक अक्षर काढून ठेवत. त्यामुळे त्या पिढीला स्यूडोजीन पाठ करावं लागलं नाही. प्रत्येक फिल्मवर ते दिसतच होतं. पीसीआर आलं, काम दिवसांवरून तासांवर आलं, आणि तो तिसरा बँड नजरेआड झाला. तो नजरेआड होण्यातच पुढच्या बऱ्याच घोटाळ्यांचं मूळ आहे, असं मॅडमचं ठाम मत आहे.

ही प्रत तयार कशी झाली, हे मॅडम प्रत्येक तुकडीला फळ्यावर काढून दाखवतात. उंदराचं पी५३ जनुक ११ तुकड्यांत, म्हणजे एक्सॉनमध्ये विभागलेलं आहे. एक्सॉनांच्या मधे इंट्रॉन. जनुकावरून आरएनए उतरवला जातो, त्यातले इंट्रॉन छाटले जातात, एक्सॉन सलग जोडले जातात आणि शेवटी 'ए'ची लांबलचक शेपटी लागते. एरवी हा आरएनए प्रथिन बनवून नष्ट होतो. पण जीनोममध्ये लाइन-१ नावाचे उड्या मारणारे घटक आहेत, आणि त्यांच्याजवळ आरएनएवरून उलट डीएनए लिहिणारं एन्झाइम आहे. हे एन्झाइम कधीतरी परक्याच आरएनएला पकडतं, त्याचा डीएनए करतं आणि हाताशी येईल त्या गुणसूत्रात घुसवतं. माणसाच्या लाइन-१ घटकांमुळे असे प्रक्रिया झालेले स्यूडोजीन खरोखर तयार होतात, हे २०००मध्ये फ्रान्समधल्या तिएरी हाइडमन यांच्या गटाने पेशींमध्ये दाखवलं. ही उलटी नक्कल शुक्राणू किंवा अंडं घडवणाऱ्या पेशीत झाली तरच पुढच्या पिढीत जाते. पी५३चा आरएनए उंदराच्या वृषणात, शुक्राणू तयार होण्याच्या टप्प्यावर भरपूर असतो, तेव्हा अशी संधी मिळणं अवघड नव्हतं.

नव्या जागी पोचलेल्या प्रतीत इंट्रॉन नसतात. जनुक सुरू करणारा प्रवर्तक मागेच राहिलेला असतो. मागे 'ए'च्या शेपटीचे अवशेष आणि दोन्ही बाजूंना छोटी पुनरावृत्त अक्षरं असतात, घुसण्याच्या खुणा म्हणून. आणि तिथून तिची झीज सुरू होते. चालू जनुकात घातक बदल झाला तर तो प्राणी टिकत नाही, म्हणून ते जनुक पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहतं. बंद प्रत म्हणजे माळ्यावर विसरलेली पोथी. कसर लागून अक्षरं गेली तरी कुणाचं काही अडत नाही.

याच गुणामुळे उत्क्रांतीच्या अभ्यासकांना स्यूडोजीन फार मोलाचे वाटले. १९७७मध्ये झाक, मिलर आणि ब्राउनली यांनी आफ्रिकी बेडकाच्या ५एस डीएनएमध्ये पहिल्यांदा अशी निकामी प्रत वर्णिली. १९८१मध्ये ली, गोजोबोरी आणि नेई यांनी उंदराच्या अल्फा ग्लोबिनच्या स्यूडोजीनसह काही स्यूडोजीन तपासून दाखवलं की निवडीचा दाब नसला की बदल किती वेगाने साचतात. मोतू किमुरा यांच्या तटस्थ उत्क्रांतीच्या सिद्धान्ताला याहून सरळ पुरावा मिळणं कठीण होतं. जपानी संशोधकांनी तर पी५३च्याच स्यूडोजीनवरून उंदरांच्या वंशांमधली नाती तपासली. प्रयोगशाळेतले बरेचसे उंदीर मुळात मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबीच्या अॅबी लॅथ्रॉप या बाईंनी हौशी लोकांसाठी पाळलेल्या उंदरांतून आले. जगभर वापरला जाणारा सी५७ब्लॅक६ हा वाण त्यांच्याकडच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून सुरू झाला. पाश्चात्त्य आणि जपानी पाळीव उंदरांची सरमिसळ त्या वंशात आहे. अशा सरमिसळीचा माग काढायला निकामी प्रत कामी यावी, हे मॅडमना मनापासून सुंदर वाटतं.

पण पीसीआरच्या टेबलावर याच प्रतीचा वेगळाच जाच होतो.

आरएनएवरून जनुकाची पातळी मोजायची तर जुना, सर्वमान्य नियम असा: दोन प्रायमर दोन वेगवेगळ्या एक्सॉनमध्ये ठेवा. म्हणजे आरएनएमध्ये चुकून डीएनए राहिला असेल तर मधल्या इंट्रॉनमुळे त्याचा बँड लांब येईल किंवा येणारच नाही, आणि भेसळ लगेच कळेल. प्रत्येक पुस्तकात हे लिहिलेलं आहे, आणि बहुतेक जनुकांसाठी ते बरोबर आहे. उंदराच्या पी५३साठी ही खबरदारी पुरत नाही. १४व्या गुणसूत्रावरच्या प्रतीत इंट्रॉनच नाहीत. भेसळीतल्या डीएनएवरून ती वाढली की तिचा बँड नेमका सीडीएनएच्याच लांबीचा येतो. आरएनएमध्ये डीएनएचा अंश राहिलेला असतो आणि जेल मात्र निर्दोष दिसतं. म्हणून "आरटी न घातलेली नळी". आरएनए तोच, बाकी सगळं तेच, फक्त उलट डीएनए लिहिणारं एन्झाइम, म्हणजे आरटी, वगळायचं. त्या नळीत बँड आला तर तो आरएनएवरून आलेलाच नाही.

टायलर जॅक्स यांच्या गटाने १९९४मध्ये तयार केलेल्या नॉकआउटमध्ये पी५३चे २ ते ६ हे एक्सॉन काढलेले आहेत. पाचव्या आणि सहाव्या एक्सॉनमध्ये प्रायमर ठेवले तर त्या उंदरात काहीच वाढायला नको. तरीही वाढतं, कारण प्रायमरना जागा मिळते ती दुसऱ्या गुणसूत्रावर. फोटो घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मॅडम भेसळीतला डीएनए नष्ट करणारी डीएनेझची प्रक्रिया पुन्हा करायला सांगतात आणि दोन्ही नळ्या शेजारी शेजारी लावायला लावतात. बँड विरतो. उंदरांच्या पुरवठादाराला लिहायचं तक्रारीचं पत्र बाजूला पडतं. मग शेवटचा निवाडा प्रथिनावर. जिवंत पी५३ असलेल्या उंदराला गॅमा किरणं दिली की काही तासांत थायमसमध्ये पी५३ साचतं आणि त्याच्या हुकमाने पी२१ हे दुसरं प्रथिन वाढतं. नॉकआउटमध्ये पी५३ दिसतच नाही, आणि पी२१चा तो प्रतिसादही उमटत नाही. स्यूडोजीनवरून प्रथिन बनत नसल्यामुळे इथे फसगतीला वाव राहत नाही.

दुसरी फसगत याहून खोल आहे, आणि मॅडम तिच्याविषयी बोलताना आवाज चढवतात. डीएनएवरच, म्हणजे गाठीतल्या उत्परिवर्तनांच्या शोधात ती होते. पी५३चे ५ ते ८ हे एक्सॉन डीएनएला धरणारा भाग घडवतात आणि गाठींतले बहुतेक बिघाड तिथेच असतात. त्यामुळे सगळे तोच भाग वाचतात. एकदा एका विद्यार्थिनीकडे यकृताच्या गाठी होत्या, पिल्लांना लहानपणी डायइथाइलनायट्रोसअमीन देऊन वाढवलेल्या. सिक्वेन्सिंगचे आलेख आले आणि तिचा चेहरा उजळला. प्रत्येक गाठीत, काही ठराविक जागी, एकाखाली एक दोन शिखरं. काही ठिकाणी तर 'सी'च्या जागी 'टी', कर्करोगाची अगदी ओळखीची सही.

"अगं, त्याच उंदरांच्या शेपटीचा डीएनए वाचलास का?" मॅडमनी विचारलं.

संशयाला दोन कारणं होती. पहिलं असं की या रसायनाने उंदरात होणाऱ्या यकृताच्या गाठींमध्ये एचरास किंवा ब्रॅफ हे जनुक बिघडलेलं सापडतं. पी५३मधलं उत्परिवर्तन तिथे विरळा. प्रत्येक गाठीत ते असणं म्हणजे एक तर मोठा शोध, नाही तर वाचन दुसऱ्याच ठिकाणचं. दुसरं कारण 'सी' आणि 'टी'चं. डीएनएमध्ये 'सी'च्या पुढे 'जी' असेल तर त्या 'सी'वर बहुधा मिथाइल बसतं, आणि मिथाइल बसलेला 'सी' आपोआप 'टी'त बदलण्याकडे झुकतो. माणसाच्या पी५३मधल्या १७५, २४८ आणि २७३ या कुप्रसिद्ध जागा अशाच जोड्यांवर आहेत; उंदरात त्या १७२, २४५ आणि २७० ठरतात. कर्करोगात ज्या रासायनिक बदलामुळे या जागा बिघडतात, त्याच बदलामुळे लाखो वर्षांत स्यूडोजीनमधल्या या जोड्या झिजतात. म्हणजे निकामी प्रतीची साधी झीज आणि गाठीतलं खरं उत्परिवर्तन आलेखावर हुबेहूब सारखं दिसू शकतं. डोळ्यांनी फरक करता येत नाही. हे ज्याला माहीत नाही, तो अगदी प्रामाणिकपणे खोटा शोध जाहीर करेल.

शेपटीच्या डीएनएमध्येही तीच शिखरं निघाली. गाठ नसलेल्या भावंडांतही. मग प्रायमर एक्सॉनमधून उचलून आजूबाजूच्या इंट्रॉनमध्ये बसवले. इंट्रॉन फक्त चालू जनुकात आहेत, तेव्हा प्रतीला पकडायला प्रायमरना जागाच उरली नाही. दुहेरी शिखरं गेली. ११व्या गुणसूत्रावरचं पी५३ स्वच्छ, अखंड वाचलं गेलं. विद्यार्थिनी खट्टू झाली. मॅडम मात्र त्या दिवशी समाधानी होत्या, कारण गाठींमध्ये पी५३ शाबूत आहे हेही उत्तरच होतं आणि ते आधीच्या ज्ञानाशी जुळणारं होतं.

या बाबतीत त्या इतक्या काटेकोर का, हे प्राण्यांच्या घरात गेल्यावर कळतं. पी५३ नसलेलं पिल्लू मिळवायचं तर अर्धं जनुक असलेल्या नर-मादीची जोडी लावावी लागते. त्यातून चारांत एक असा हिशेब. मादी पिल्लं त्याहूनही कमी, कारण जनुक नसलेल्या काही मादी गर्भांमध्ये मेंदू कवटीबाहेर राहतो आणि ती जगत नाहीत. लॅरी डोनेहॉवर आणि अॅलन ब्रॅडली यांनी १९९२मध्ये पहिले पी५३रहित उंदीर जगापुढे आणले, तेव्हा सहा महिन्यांच्या आत त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश उंदरांना गाठी झाल्या होत्या. मॅडमकडच्या अशा उंदरांच्या पिंजऱ्यांची राखण करणारे कर्मचारी सकाळी आधी त्याच रांगेकडे जातात. श्वास लागलेला, पाठ कुबड काढून बसलेला उंदीर दिसला की मॅडमना फोन येतो. प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात किती उंदीर लागणार आणि का, याचा हिशेब द्यावा लागतो. मॅडम म्हणतात, एका प्राण्याचा जीव घेतल्यावर त्याच्या डीएनएतली चुकीची ओळ वाचणं हा त्या प्राण्यावर अन्याय आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९मध्ये प्राणिप्रयोग कमी आणि सुसह्य करण्याची जी तत्त्वं मांडली, त्यांत प्रायमरचा उल्लेख नाही, पण चुकीचा प्रायमर निवडला की उंदरांची संख्या वाढते, हे मॅडमना रोजच्या कामातून दिसतं.

एका प्राण्यासाठी केलेली तपासणी दुसऱ्याला चालत नाही, हीही त्यांची कायमची ताकीद. रॅट हा माऊसचा नातलग खरा, पण दोघांचे वंश एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. रॅटचं चालू जनुक १०व्या गुणसूत्रावर आहे, आणि १९९५मध्ये त्याच्या जीनोममधून पी५३चे दोन प्रक्रिया झालेले स्यूडोजीन वेगळे काढले गेले. माणसात पी५३ची अशी प्रत नाही. १७व्या गुणसूत्रावर एकटंच जनुक. त्यामुळे माणसाच्या गाठींवर शिकलेला विद्यार्थी उंदरांकडे वळतो तेव्हा त्याला या प्रकाराची कल्पनाच नसते. उलट पीटेन या दुसऱ्या अर्बुदरोधक जनुकात माणसालाच सावध राहावं लागतं. पीटेन १०व्या गुणसूत्रावर आणि त्याची इंट्रॉनरहित प्रत, पीटेनपी१, ९व्या. रुग्णाच्या चाचणीत ही प्रत मिसळली तर नुसता निबंध चुकत नाही, एका कुटुंबाला चुकीचा सल्ला जातो.

पीटेनपी१च्या निमित्ताने मॅडम आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतात. निकामी प्रत म्हणजे कायमची मुकी असं धरून चालू नये. २०१०मध्ये पिएर पाओलो पँडोल्फी यांच्या गटाने दाखवलं की पीटेनपी१चा आरएनए तयार होतो, पीटेनला गप्प करणारे मायक्रोआरएनए स्वतःवर ओढून घेतो आणि मूळ जनुकाला अप्रत्यक्ष आधार देतो. २०१५मध्ये ब्रॅफचा स्यूडोजीन उंदरात जास्त चालवला तर लिम्फोमा होतो, असंही दिसलं. त्याच वर्षी आफ्रिकी हत्तीची बातमी आली: त्याच्यात पी५३च्या २० प्रती आहेत, त्यांतल्या १९ अशाच उलट्या नकलेतून आलेल्या, आणि त्यांतल्या काही चालू स्थितीत. एवढं मोठं धूड, एवढं लांब आयुष्य, तरी हत्तीला कर्करोग कमी होतो; त्यामागे या प्रतींचा हात असावा, असं अनेक संशोधकांना वाटतं. उंदराची प्रत त्या वाटेने गेली नाही. तिच्यावरून प्रथिन बनत नाही आणि उंदराला गाठी सहज होतात.

आता क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने हा विषय पुन्हा ताजा केला आहे. उंदराच्या पेशीत पी५३ तोडायचं म्हणून एक्सॉनमधल्या २० अक्षरांशी जुळणारा, कात्रीला वाट दाखवणारा आरएनए निवडला, आणि तीच अक्षरं १४व्या गुणसूत्रावरही जशीच्या तशी असली, तर कात्री दोन ठिकाणी चालते. दोन गुणसूत्रं एकाच वेळी तुटली की तुकडे चुकीच्या जोडीने सांधले जाण्याचा धोका असतो. डीएनए तुटला की पेशीला थांबवायचं काम ज्या पी५३चं, तेच आपण काढून टाकत असतो. त्यामुळे अशी पेशी थांबतही नाही. पूर्वी तिसरा बँड आपणहून समोर यायचा. आज संगणकावर उंदराचा जीनोम २००२पासून आणि रॅटचा २००४पासून उपलब्ध आहे. प्रायमर किंवा वाट दाखवणारा आरएनए मागवण्याआधी ती अक्षरं त्या जीनोमवर टाकून किती ठिकाणी जुळतात ते पाहायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. तरीही हे न करताच लिहिलेले मसुदे मॅडमच्या टेबलावर येतच असतात.

त्यांच्याकडच्या प्रबंधांत प्रायमरच्या तक्त्यात एक जादा रकाना असतो: हा प्रायमर एक्सॉनमध्ये की इंट्रॉनमध्ये, आणि स्यूडोजीनशी किती अक्षरं जुळतात. जेलच्या चित्रातून आरटी न घातलेली लेन कापायला त्या परवानगी देत नाहीत, पान कितीही भरलेलं असो. उंदराच्या किंवा रॅटच्या पी५३वर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा रकाना भरावा आणि ती लेन छापावी, आणि प्रबंध तपासणाऱ्यांनी ती दिसली नाही तर मागून घ्यावी.